रामकिसनच्या गाडीची टकटक

इंजिनाचा आवाज बिघडला की माझं डोकं बिघडतं. बायको, वच्छला, म्हणायची, "तुमाला लोखंडाचं बरोबर ऐकू येतं, माणसाचंच येत नाय." मी हसण्यावारी न्यायचो.

सन अठ्ठ्याहत्तरचा ऑगस्ट होता. औरंगाबादेत शहागंजच्या मागं माझं गॅरेज. चिकलठाण्याला नवे कारखाने उठत होते, तिथल्या साहेबांच्या गाड्या माझ्याकडं यायच्या, म्हणून मी जरा तोऱ्यातच असायचो. तशात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आठ दिवसांत खेड्यांतून वस्त्या जळाल्याच्या बातम्या यायला लागल्या.

माझ्या हाताखालचा फिटर कडुबा गंगापूरकडच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. दुपारी त्याच्या गावचा दूधवाला सांगून गेला की अर्धी वस्ती जळाली, माणसं पळाली. कडुबाची आई सरूबाई मात्र मागं राहिली आणि ओढ्याच्या पुलाजवळच्या उसात लपली आहे. तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं. राहिलेली घरं आज दिवस मावळला की पेटवायची, असं गावात उघड बोलत होते. कडुबानं त्याच दूधवाल्याजवळ उलट निरोप दिला, "आईला म्हणावं, रामकिसनभाऊची गाडी येईल. तिच्यातच बस. दुसऱ्या कुणाच्या हाकंला ओ देऊ नको."

रामकिसन त्याच गावचा, चांगल्या जमीनदार घरातला, गंगापूर ते औरंगाबाद अँबॅसिडर चालवायचा. तो यायला तयार झाला, पण गॅरेजात गाडी लावून म्हणाला, "त्रिंबक, आधी ही टकटक बंद कर. आख्खं गाव न बघता सांगतं, रामकिसन आला म्हणून. पारावरच्या पोरांना कळलं मी कुणाला न्यायला आलोय, तर म्हातारीबी जाईल अन् गाडीबी."

त्याचं खरं होतं. वर्षभर ती गाडी इंजिनाच्या माथ्यातून टकटक करत होती आणि तीन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. मी लांब पेचकसाचं टोक झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एकेक जागा ऐकत गेलो. पुढून तिसऱ्या जागी आवाज कानात खिळ्यासारखा घुसला. झाकण काढून व्हॉल्व्हवरची फट मोजायची पट्टी घातली. फट बरोबर! पट्टी म्हणत होती दोष नाही, कान म्हणत होता आहे.

"उस्ताद, चार वाजले," कडुबा म्हणाला.

"गप रे!" मी त्याच्यावर खेकसलो. त्याच्या आईसाठीच चाललं होतं, तरी खेकसलो.

मग नखानं चाचपलं. व्हॉल्व्हला वरून दाबणारा जो दांडा असतो, रॉकर, त्याच्या टोकाला खड्डा पडला होता. पट्टी खड्ड्यावर आडवी बसायची आणि खालची खरी फट लपायची. तिघेही इथंच फसले होते. कडुबानं कोपऱ्यातल्या भंगार इंजिनातून रॉकर काढून दिला. तो बसवून, फट लावून गाडी चालू केली, तर आवाज म्हणून नाही. मी स्वतःवर असा खूश झालो की विचारू नका.

कडुबाला यायचं होतं. मी म्हणालो, "तुझं तोंड गावात सगळ्यांना ठाऊक. इथंच थांब." मी रामकिसनच्या शेजारी बसलो. गाडी मुकाट गल्लीबाहेर पडली, तेव्हा आरशात कडुबा हात वर करून मागं पळताना दिसला. ओरडत होता. येतो म्हणून हट्ट करतोय, असं समजून मी हातानंच त्याला परत जा म्हटलं. काच खाली केली नाही.

पुलाजवळ पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वस्तीच्या बाजूनं धूर निघत होता. शेत ओलांडलं की गावचा पार, त्याच्यावर दहाबारा जण बसलेले. आम्ही उसाला लागून हळू गेलो. कुणी आलं नाही. पुढं जाऊन वळलो, परत आलो. तरीही कुणी नाही. हाक मारायची सोय नव्हती.

"गेली असंल कुठंतरी," रामकिसन पुटपुटला. त्याच्या मानेवर घाम आला होता. "अजून एक चक्कर मारली तर ते उठतील."

पारावरचा एक जण उभा राहून आमच्याकडं बघतच होता. तेवढ्यात मला ऊस हलताना दिसला. गाडी जवळ आली तसा हलायचा थांबला. वारा नव्हता. म्हातारी आत होती आणि आम्हालाच भिऊन श्वास धरून बसली होती.

तिला रामकिसनची गाडी ओळखायची होती आणि तिच्या डोळ्यांना ती दिसणार नव्हती. तिची खूण मीच दुपारी काढून टाकली होती, वर त्याची फुशारकी मारत बसलो होतो.

"थांबव," मी म्हणालो, पाना घेऊन उतरलो आणि बॉनेट उचललं.

"येडा झाला का? ते यायलेत!"

खरंच चौघे बांधावरून पळत निघाले होते. झाकणाच्या दोन नटांनी बोटं भाजली. आत गरम तेल उडत होतं. इंजिन चालूच ठेवून मी तिसऱ्या रॉकरचा नट ढिला केला आणि स्क्रू उलटा फिरवून फट वाढवली.

टक. टक. टक. टक. पूर्वी कधी वाजली नव्हती इतकी खणखणीत.

"आरं रामकिसन्याची गाडी हाय ती!" बांधावरून कुणीतरी ओरडलं.

ऊस फाटला. सरूबाई दोन्ही हात पुढं करून आवाजाच्या रोखानं येत होती. "रामकिसन, तूच का रं बाबा?" मी तिला उचलून मागं टाकलं. झाकण, बॉनेट, दार, काय कसं लावलं आठवत नाही. मागच्या काचेवर दगड बसला तेव्हा आम्ही पुलापलीकडं होतो.

"मघा एक गाडी दोनदा आली," ती धापा टाकत म्हणाली. "मुकी. म्हनलं त्यांचीच आसंल."

रामकिसननं आरशातून मागं बघितलं. मग म्हणाला, "आता मला गावात पाय ठेवता यायचा नाय." मी टकटक बंद करून देऊ का विचारलं, तर त्यानं नको म्हणून मान हलवली आणि गाडी तशीच दामटली.

शहागंजचा कोपरा दिसायच्या आधीच कडुबा समोरून पळत आला. आवाज ऐकूनच निघाला होता. गाडी थांबायच्या आत त्यानं मागचं दार ओढलं आणि आईच्या मांडीवर डोकं घातलं.

मी भाजलेली बोटं तोंडात धरून उभा होतो. जरा वेळानं विचारलं, "निघताना मागं का पळत होतास रं?"

"गाडी मुकी निघाली तवा ध्यानात आलं, उस्ताद," तो म्हणाला. "तेच सांगत होतो."

मला त्याच्याकडं बघवेना. काच खाली करायला कितीसा वेळ लागला असता?