छत्रीवालीचा शेवट आणि माझी उसवलेली शिवण

मी उशी बोलतेय. अर्धापूरच्या व्यंकटरावांच्या घरातली, मधल्या खोलीतल्या पलंगावरची. आज माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा गोडगोड ऐकायला मिळेल ही आशा सोडा. माझी एक बाजू टरकन उसवली, निम्मा कापूस खोलीभर उडाला. आणि हे सगळं कशापायी? तर कुठल्याशा चिनी मालिकेतल्या पांढऱ्या केसांच्या देवाला शेवटच्या भागात धड घरी येता आलं नाही, यापायी!

आधी माझं मूळ सांगते. मी साध्या सरकीच्या कापसाची नाही बरं. माहूरच्या डोंगरात सावरीची झाडं आहेत. उन्हाळ्यात त्यांची बोंडं तडकतात आणि आतून रेशमासारखा कापूस निघतो. रेणुकामाईच्या दर्शनाला गेलेल्या केवळाबाईंनी गडाच्या पायथ्याशी बसलेल्या एका बाईकडून तो पिशवी भरून आणला. केवळाबाई म्हणजे व्यंकटरावांची थोरली बहीण, घरातल्या सगळ्यांची आत्या. कित्येक वर्षांपासून माहेरीच असते. तिनं दोन दुपारी बसून बिया वेचल्या, खोळ शिवली आणि वरून आपल्या जुन्या इरकलीचा अभ्रा चढवला. मग मला थोपटून भाचीच्या, म्हणजे व्यंकटरावांच्या लेकीच्या हातात दिलं. "घे उज्वला. हिच्यावर डोकं ठिवलं की ढाराढूर झोपशील."

झोपतेय कसली! उज्वला नांदेडच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. सकाळपाळी करून दोनच्या सुमाराला घरी येते, ताटावरून उठते आणि मला पोटाशी धरून बसते. माझ्यावर मोबाईल टेकवला जातो. शेजारी दीपमाला वहिनी येऊन बसते, हातात शेंगदाण्याची वाटी. आणि मग सुरू होतं ते हिंदीत बोलणारं चिनी देवलोक.

चार महिन्यांत अकरा मालिका माझ्या अंगावर संपल्या. मला विचाराल तर त्या लोकांना सुरुवात करता येते, मधलं तर लईच भारी जमतं, पण शेवट आला की त्यांच्या हातापायातलं बळ जातं की काय कोण जाणे. एकीत चाळीस भाग नायक-नायिका एकमेकांवर संशय घेत राहिले आणि लग्न अर्ध्या मिनिटात उरकलं, तेही लांबून दाखवलं. दुसरीत दोघंही मेले, आणि एकदम आजच्या काळातल्या रस्त्यावर एकमेकांना धक्का देऊन "माफ करा" म्हणाले. संपलं! एकीत तो परत आला, पण त्याला काहीच आठवेना. तिनं त्याला बघून डोळ्यांत पाणी आणलं आणि खाली नावं सुरू झाली, कोणी कपडे शिवले, कोणी घोडे सांभाळले. घोडे सांभाळणाऱ्याचं नाव मिळतं, पण त्या बिचारीचं काय झालं ते मिळत नाही.

या शेवटांचा सगळा मार मी खाल्लाय. शेवट रडका असला की अभ्रा ओला. शेवट अर्धवट असला की बुक्की. एकदा तर उज्वलानं मला दातांनी चावलं होतं.

वहिनीला मात्र असले शेवट आवडतात. ती म्हणते, "गोड शेवट झाला की आपण दुसऱ्या दिशी इसरून जातो उज्वला. रडवलं की आठ दिस भाकरी थापताना तेच डोक्यात राहातंय."

"तुम्हाला काय वहिनी, तुमचा माणूस संध्याकाळी घरी येतो," उज्वला म्हणायची. "रडका शेवट तुम्हाला परवडतो."

यात एक गोष्ट दडलेली होती, ती वहिनीला आणि मला ठाऊक होती. उज्वलाचा एक सत्यम होता. नांदेडच्या कॉलेजात बरोबर शिकलेला. चार वर्षांपूर्वी हैदराबादला औषधाच्या कंपनीत लागला. जाताना म्हणाला, "दोन वर्षं थांब. घरच्यांना मनवतो आन् येतो." दोनाची चार झाली. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग सणासुदीला. पण मेसेज यायचा. काय, तर "थांब." तेवढा एक शब्द आणि पुढं एक लाल बदाम. तो शब्द वाचून पोरगी माझ्यात तोंड खुपसायची. मी सावरीची, मऊ, काय करणार?

त्यात व्यंकटरावांनी लातूरचं स्थळ आणलं. वैजनाथ नाव, तिथल्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. बघायला आला, पोहे खाल्ले, नीट बोलला, उज्वलाला तिच्या कामाबद्दल विचारलं. तिकडून होकार आला. इकडून? व्यंकटरावांनी आठ दिवस वाट बघितली आणि मग सरळ सांगितलं, "उज्वला, रविवारी त्यांना फोन करायचाय. हाव म्हण नाहीतर न्हाई म्हण. लोकांना ताटकळत ठिवणं आपल्याला शोभत न्हाई."

आता या घरात एक रीत आहे. काही केल्या मनाचं ठरेना, तर दोन चिठ्ठ्या लिहायच्या, रेणुकामाईच्या तसबिरीपुढं टाकायच्या आणि एखाद्या लेकराला उचलायला लावायच्या. बाग कधी लावायची, बोअर कुठं घ्यायचा, सगळं असंच ठरलंय. पण उज्वलानं चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर आत्यानं विचारलं असतं, "काय लिहिलंस गं?" म्हणून या शहाण्या पोरीनं काय केलं असेल? तिनं चिठ्ठी टाकली त्या मालिकेपुढं!

माझ्या कानात, म्हणजे अभ्र्याच्या कोपऱ्यात, पुटपुटली, "रेणुकामाई, शनिवारी छत्रीवालीचा शेवटचा भाग आहे. तिचा तो परत आला, तर मी सत्यमसाठी थांबणार. नाही आला, तर लातूरला हो म्हणणार." आणि मला दोनदा हात लावून पाया पडली.

मला तोंड असतं तर ओरडले असते. अगं बये, देवापुढची चिठ्ठी उघडल्यावर निदान काहीतरी लिहिलेलं निघतं! हे लोक तर कोरी चिठ्ठी घडी करून देतात, अकरा वेळा बघितलंस ना?

छत्रीवाली म्हणजे त्या बाराव्या मालिकेतली नायिका. खरं नाव दोघींनाही धड घेता येत नसे, आणि ती सदा छत्री घेऊन फिरायची, म्हणून छत्रीवाली. तिचा नवरा देवांचा सेनापती, केस पांढरे, तोंड पोरासारखं. आत्या पलीकडं लसूण सोलत बसायची आणि अधूनमधून स्क्रीनकडं बघून म्हणायची, "याला कोणी मेंदी आणून द्या गं." तर तो सेनापती राक्षसांशी लढता लढता उजेड होऊन विरघळला. जाताना छत्रीवालीला म्हणाला, "माझी वाट बघ." झालं. बसली ती.

शनिवार उजाडला. उज्वला दवाखान्यातून आली ती जेवलीच नाही. वहिनीनं कडी लावली, आत्या लसूण भरलेलं सूप मांडीवर घेऊन आतच राहिली. पोरीचे हात इतके गार पडले होते की मला अभ्र्यातून कळत होतं.

मोबाईलवर हजार वर्षं गेली. छत्रीवाली गुलाबी फुलांच्या झाडाखाली उभी. पाकळ्या उडतायत. मागून पावलांचा आवाज आला. उज्वलानं मला गच्च आवळलं. छत्रीवाली वळली. कोणाकडं तरी बघून हसली. आणि पडदा पांढराफटक!

मग नावं. कपडे, घोडे.

"आला का?" वहिनीनं विचारलं.

"हसली म्हणजे आलाच असेल ना?" उज्वलाचा आवाज चिरकला. "पण दाखवला का नाही? वहिनी, दाखवला का नाही त्याला?"

मग तिनं खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. निम्मे म्हणत होते तो आला, पावलांचा आवाज त्याचाच होता. निम्मे म्हणत होते ती केव्हाच मेलीय, हे तिचं स्वप्न. एकीनं लिहिलं होतं, असा शेवट कळायला अक्कल लागते. ते वाचून तर माझाच कापूस पेटायला आला. वहिनीला कुठून तरी दोन मिनिटांचा जादा भाग सापडला. त्यात एक माणूस पाठमोरा चालत जातो. पाठमोरा! केस काळे. म्हणजे तो का दुसराच कोणी, ते पण कळेना.

उज्वला उठली आणि तिनं मला भिंतीवर फेकलं.

खुंटीला अडकून माझी शिवण फाटली आणि सावरीचा कापूस असा उधळला की काही विचारू नका. पंख्यानं तो सगळीकडं नेला. वहिनीच्या केसात, शेंगदाण्याच्या वाटीत, आत्याच्या सुपात. वहिनी एवढ्यातही म्हणाली, "घ्या, आपल्या घरात बी पाकळ्या उडाल्या." उज्वलाला हसू आलं नाही. ती खाली बसून हमसाहमशी रडायला लागली, आणि रडता रडता सगळं बोलून गेली. सत्यम, चार वर्षं, "थांब", मनातली चिठ्ठी, सगळं.

आत्यानं सुपातला कापूस बाजूला केला.

"म्हंजी तो आला तर तू थांबणार व्हतीस?"

"हो."

"आन् आला का न्हाई ते त्यांनी दावलं न्हाई."

"नाही ना!"

आत्यानं लसणाचा पुढचा गड्डा फोडला. मग बोलली, आणि मी तिच्या हातची असूनही हे तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "माझा मालक देगलूरला गेला, दुसरं घर केलं. समदे म्हणले, केवळा, थांब, येतो की. मी सतरा वर्सं थांबले. आला बग. खरंच आला. त्या दारात उभा राहिला. मी बी अशीच वळून हासले असंल. मग आत आला, च्या घेतला, व्यंकटला पावसापाण्याचं इचारलं आन् पाचच्या गाडीनं गेला." तिनं लसणाची एक पाकळी सोलून टाकली. "तुमचे ते लोक तिथंच थांबले ते बरं केलं म्हनायचं. फुडं दावलं असतं तर तुला लई राग आला असता."

 वहिनीनं हळूच पंखा बंद केला.

उज्वलानं नाक पुसलं आणि मोबाईल उचलला. मेसेज नाही, सरळ फोन लावला. तिकडून आवाज आला, "अगं, आत्ता? मीटिंगमध्ये आहे."

"शनिवारी? बरं, एकच सांग. तू येणार का नाही? हो किंवा नाही."

"असं एकदम कसं सांगू? तू जरा थांब ना..."

"सत्यम, तू हैदराबादला आहेस. कुठल्या राक्षसाच्या लढाईवर गेलेला नाहीस. सकाळच्या गाडीत बसला तर माणूस दुपारी नांदेडला उतरतो. चार वर्षांत तुला एक सकाळ सापडली नाही का?"

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तू समजून घे ना."

"समजलं," उज्वला म्हणाली आणि फोन ठेवला. 

मला वाटलं, चला, शेवट झाला. आता उद्या लातूरला होकार, सनई, बुंदी. पण माणसांचं काही सरळ नसतं. रविवारी व्यंकटराव फोन लावायला बसले तेव्हा उज्वला म्हणाली, "अण्णा, मला बोलू द्या." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिला.

"वैजनाथ, माझं एका मुलावर मन होतं. चार वर्षं. काल ते संपलं. आज लगेच तुम्हाला हो म्हणाले तर तुमची फसवणूक होईल. मला चार-सहा महिने हवेत. तेवढं थांबाल का?"

मी पलंगावर फाटक्या पोटानं पडले होते आणि तिच्या हातातल्या मोबाईलमधून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाही, मला जमणार नाही. तुम्ही खरं सांगितलं म्हणून मीही सांगतो. चार महिन्यांनी काय होईल ते तुम्हालाही माहीत नाही. असं लटकत राहणं माझ्याच्यानं होत नाही. राग मानू नका. तुमचं चांगलं होऊ द्या."

"आभारी आहे," उज्वला म्हणाली.

"कशाबद्दल?"

"नाही म्हणालात त्याबद्दल."

व्यंकटरावांनी डोक्याला हात लावला. "सोन्यासारखं स्थळ हातानं घालवलंस पोरी! आन् वरून आभार मानून राहिलीस?" ते तरातरा केळीच्या बागेकडं निघून गेले. संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

वहिनी सुई-दोरा घेऊन मला शिवायला बसली. एक टाका घालून थांबली आणि म्हणाली, "उज्वला, राग येऊ देऊ नको, पर तू बी त्या लातूरवाल्याला 'थांब'च म्हणलीस की गं."

उज्वला तिच्याकडं बघतच राहिली.  मग हळूच म्हणाली, "हो की." आणि वहिनीला दोरा धरून देत, "त्याला चार मिनिटांत कळलं वहिनी. मला चार वर्षं लागली."

आता माझी हालत सांगते. मी शिवलेली आहे, पण वहिनीच्या हाताशी होता तो पिवळा दोरा, म्हणून कुशीला पिवळा व्रण दिसतो. कापूस निम्माच राहिलाय. आत्या म्हणते यंदा माहूरला गेले की आणीन. व्यंकटराव अजून फुगलेलेच आहेत. उज्वला कामावर जाते, येते, जेवते. लग्नाचं काय? ठरलेलं नाही. आनंदी आहे का? तर नाही, मधूनच बसल्या जागी रडते. पण सत्यमचा नंबर तिनं काढून टाकलाय, आणि कोणासाठी थांबलेली नाही. मी त्या चिनी लोकांसारखं तोंड फिरवून पडदा पांढरा करत नाही, जसं आहे तसं सांगितलं.

तेरावी मालिका कालपासून सुरू झालीय. होय, परत! माझ्यावरच टेकवून. बघा बायांनो, खुशाल बघा, मला त्याचं काही नाही. शेवट रडका असो, अर्धा असो, पाठमोरा असो, शिव्या घाला, प्रतिक्रिया लिहा. फक्त तुमच्या जन्माचं उत्तर त्यांच्याकडं मागू नका, कारण त्यांना स्वतःच्या गोष्टीचंही देता येत नाही. आणि तरी राग आलाच तर मला भिंतीवर मारू नका. ज्यानं "थांब" म्हटलंय ना, त्याला फोन लावा.