एकजीव

प्रयोगशाळेतल्या फ्रिजच्या दारात उकिडवं बसून तिने बाटलीकडे पाहिलं. दोन्ही हातांत बर्फाचा डबा होता, म्हणून आज बाटली उचलली नव्हती. तळाशी पांढरा साका बसला होता.

हे औषध पाण्याला दाद देत नाही, विरघळतच नाही. गोळी पोटात जाते आणि बरीचशी तशीच बाहेर पडते. म्हणून तिच्या आईला दोन वेळा सहा-सहा गोळ्या गिळाव्या लागतात. पोटाची पार वाट लागली आहे. केसाहून हजारपट बारीक कणांत भरलं, तर एकच गोळी पुरेल. त्यासाठी तिने चार वर्षं घातली होती. कण असे एकमेकांना चिकटून खाली बसणार असतील, तर ती चारही वर्षं पाण्यात गेली.

मागून सर आले. त्यांनी बाटली उचलून दोनदा हलवली. पाणी पुन्हा दुधाळ झालं.

"झालं की एकजीव. लिहून टाक. दुपारी कंपनीची माणसं येतायत."

"सर, नोंदवहीच्या डोक्यावरच छापलंय. न हलवता पाहावे."

"आणि तू रोज काय करतेस?"

तिने डबा खाली ठेवला. उचलायची, दोन झटके द्यायचे, मग बघायची. आईला पोटासाठीचं पातळ औषध पाजता पाजता हाताला लागलेली खोड. तीन महिन्यांची पानं तिच्याच अक्षरात भरली होती: एकजीव, एकजीव, एकजीव.

लाजेने तिचे कान तापले. मग सरांचं वाक्य नीट कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे तुम्ही तीन महिने बघत होतात?"

"सुरळीत चाललं होतं. कशाला मोडता घालायचा?"

"हे माणसांना द्यायचंय, सर!"

"तुझ्या आईलाही. चाचणीच्या यादीत नाव आहे ना तिचं? आता थांबलं तर दोन वर्षं गेली, बघ."

हे ते अगदी मायेने म्हणाले. त्याचाच तिला जास्त संताप आला.

तिने नोंदवही ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. 'एकजीव' खोडायचं, वर 'हलवून पाहिले' लिहायचं, सही करायची. सर बोलत राहिले. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी आई गोळ्या घेत होती.

"लागला का गं माझा नंबर?"

"नाही. मीच घालवला."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग रिकामा पेला पुढे केला.

"भर. अजून चार आहेत."