बोट पुढे गेली

बोट डोळ्यांना दिसत होती, आणि त्यामुळेच सुवार्ताला घरात बसवत नव्हतं.

सकाळपासून ती दुबईतल्या देऱ्याच्या किनाऱ्यावर तीनदा जाऊन आली. एकोणीसशे चौसष्टचा मार्च होता. दुबईला तेव्हा मोठ्या बोटींसाठी धक्का नव्हता. मुंबईहून आलेली बोट समुद्रातच नांगर टाकायची आणि माणसांना मचव्यांतून खाडीत आणायचे. पण कालपासून शमाल, म्हणजे इथला उत्तरेचा वारा, असा सुटला होता की मचवे बोटीच्या जवळ जाऊ शकत नव्हते. आणि त्या बोटीवर तबिथा होती. पाच वर्षांची.

"बाई, डोळे लाल झालेत तुमचे रेतीने. घरी चला," शेजारची मैमुनाबी म्हणाली. ती रत्नागिरीकडची. तिचा नवरा तय्यब एका मचव्यावर तांडेल होता. "वारा पडला की आमचे हेच जातील तिला आणायला. इन्शाल्ला, संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळी वारा आणखी वाढला.

सुवार्ता आणि तिचा नवरा शमुवेल भांबळ हे नगर जिल्ह्यातले. शमुवेल मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथून इथल्या दवाखान्यात नोकरी मिळाली, त्याला चार वर्षं झाली होती. लग्नाला नऊ. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. मग गावी रजेवर असताना पाळकसाहेबांनी अनाथाश्रमातली एक मुलगी दाखवली. एकच दुपार. खांबाआड उभी राहून ती सुवार्ताच्या चपलांकडे बघत होती. नंतर कोर्टाचं सुरू झालं. ख्रिस्ती माणसाला कायद्याने दत्तक घेता येत नाही, फक्त पालक म्हणून नेमणूक होते, आणि मुलीला देशाबाहेर न्यायचं तर वेगळी परवानगी. चौदा महिने गेले त्यात. शेवटी कुवेतला नोकरीवर निघालेल्या मिशनच्या एका नर्सबाईंनी तिला वाटेत दुबईला उतरवून देण्याचं कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुवार्ता किनाऱ्यावर पोचली, तेव्हा समुद्र रिकामा होता.

"पुढे गेली," तय्यबने सांगितलं. "किती थांबणार? बहरीन, कुवेत, बसरा करून परत येईल. उतारू तेव्हा उतरवतील. बारा-तेरा दिवस."

"पण नर्सबाई कुवेतला उतरणार! मग ती कोणाजवळ राहील?"

तय्यब मचव्याचा दोर सोडायला वळला.

शमुवेलने तार केली, एजंटच्या ऑफिसात फेऱ्या मारल्या. घरी येऊन तो शांतपणे जेवायला बसायचा, आणि तो शांतपणा सुवार्ताला सहन होत नसे. "अहो, तुमच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा?" ती म्हणायची. शुक्रवारी चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं त्यांच्याच खोलीत उपासनेला जमायची. त्या शुक्रवारी सुवार्ता प्रार्थनेच्या मध्येच उठली आणि किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

पाचव्या दिवशी कुवेतहून नर्सबाईंची तार आली. मुलगी अन्वरी नावाच्या उतारूबाईंजवळ आहे, त्याही दुबईलाच उतरणार आहेत, काळजी नसावी.

"अन्वरी? आमच्याकडचंच नाव वाटतं," मैमुनाबी म्हणाली. "बघा, सुटला प्रश्न."

सुवार्ताला उलट जास्तच काळजी वाटायला लागली. ही कोण बाई? तिने मुलीला काय सांगितलं असेल? आणि जिला तबिथा आठवडाभर बिलगून झोपेल, ती आपण नसणार, हे मनातून जाईना.

बोट परत आली त्या दिवशी समुद्र ताटासारखा शांत होता. तय्यबच्या मचव्यातून एक तिशीची बाई उतरली. तिच्या कडेवर, कडेवर घेण्याचं वय उलटून गेलेली तबिथा होती, दोन्ही हात बाईच्या गळ्यात घट्ट.

"ये बाळा," सुवार्ताने हात पुढे केले. तबिथाने तोंड ओढणीत खुपसलं.

"थोडं थांबा, बाई," अन्वरी म्हणाली. "नव्या माणसाला भिते ती. रात्री उठून पाणी मागते, आणि—"

"मला कळेल ते." सुवार्ताने मुलीचे हात एकेक करून सोडवले. तबिथा "खाला! खाला!" म्हणून, म्हणजे मावशी म्हणून, किंचाळली. "खलास, झालं तुमचं काम, आता आम्ही बघतो. उपकार झाले तुमचे," सुवार्ता अन्वरीला म्हणाली.

अन्वरीचा नवरा जहूर किनाऱ्यावरच्याच पुढच्या गावी, उम्म अल कुवैनला, मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. तो तिला न्यायला आला होता. अन्वरी त्याच्यामागून निघाली. तिने वळून पाहिलं नाही.

घरी तबिथा उंबऱ्यावर बसली आणि तिथेच बसून राहिली. भात भरवला तर तोंड मिटून घ्यायची. बोलायची नाही, रडायचीही नाही. रात्री सुवार्ता तिच्या उशाशी पाण्याचा पेला धरून बसायची, पण मुलीने पाणी मागितलंच नाही. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी सुवार्ता चुलीवरचं उतरवून बाहेर आली, तर उंबरा मोकळा होता.

तिने गल्ल्या पालथ्या घातल्या, बाजार पाहिला, विहीर पाहिली. मैमुनाबी दुसऱ्या बाजूने हाका मारत गेली. शमुवेल दवाखान्यातून पांढऱ्या कोटातच धावत आला. तासाभराने तय्यब खाडीकडून येताना दिसला. तबिथा त्याच्या खांद्यावर होती.

"माझ्या मचव्यात बसली होती, दोरांच्या मध्ये," तो म्हणाला. "मला विचारते, चाचा, बोट कधी जाणार? म्हटलं, कुठे जायचंय? तर म्हणते, खालाकडे."

या घरात आल्यापासून मुलीच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द, आणि तेही तय्यबसमोर.

त्या संध्याकाळी सुवार्ता नवऱ्याला म्हणाली, "मी तिला हिसकावून घेतली. सगळ्यांसमोर."

"असं कसं? कोर्टाचा कागद आहे आपल्याकडे."

"तिला वाचता येतो का तो कागद?"

दुसऱ्या दिवशी शमुवेलने दवाखान्यातून रजा काढली आणि ओळखीच्या एका ड्रायव्हरला गाठलं. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून लँडरोव्हर निघाली. शारजा, अजमान, मग उम्म अल कुवैन. तबिथा पूर्ण वेळ खिडकीला नाक लावून होती.

अन्वरीचं घर खजुरीच्या झावळ्यांचं होतं. तबिथा पळत जाऊन तिच्या पायांना बिलगली. अन्वरीने तिला उचललं नाही. नुसता डोक्यावर हात ठेवला आणि सुवार्ताकडे पाहिलं.

"तिला इथेच राहायचं असेल तर..." वाटेत जुळवलेलं वाक्य सुवार्ताने कसंबसं काढलं. "मी आडवी येणार नाही. तुम्ही तिला..."

"गप्प बसा," अन्वरी म्हणाली. "माझ्या दोन मुली सासूकडे सोडून आलेय मी. एक सातची, एक चारची. इथे शाळा नाही म्हणून. बोटीवर हिला जवळ घेतलं ते त्यांच्या आठवणीने. ही तुझी नाही, ही तुझी नाही, असं रोज बजावत होते स्वतःला. एक पोर इकडून तिकडे किती वेळा द्यायची, बाई?"

जहूरने शमुवेलला हळूच बाहेर नेलं.

"भाऊंना जाऊ दे परत," थोड्या वेळाने अन्वरी म्हणाली. "तुम्ही राहा चार दिवस. मग बघू."

सुवार्ता राहिली. दोघी मिळून मासे साफ करायच्या, भाकऱ्या थापायच्या. अन्वरी मुद्दाम काहीतरी काम काढून शेजारी जायची, आणि तबिथा सुवार्ताबरोबर एकटी उरायची. पहिल्या दिवशी ती अन्वरीमागे धावली. दुसऱ्या दिवशी दाराशी उभी राहून वाट बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सुवार्ता तांदूळ निवडत होती. तबिथा अचानक म्हणाली, "तू बोट का नाही थांबवलीस?"

"कुठली बोट, बाळा?"

"माझी. नर्सबाईंनी सांगितलं, ती बघ, तिकडे तुझी आई उभी आहे. मी हात केला. खूप वेळ केला. मग बोट गेली."

सुवार्ताने हातातलं सूप खाली ठेवलं. एवढे दिवस या मुलीच्या मनात काय होतं ते तिला आत्ता कळलं. आई किनाऱ्यावर होती, आणि तिने बोट जाऊ दिली.

"मी होते तिथे," ती म्हणाली. "रोज होते. तीन-तीनदा यायचे. हाकासुद्धा मारल्या."

"मला ऐकू नाही आल्या."

"वारा होता ना गं."

तबिथाने विचार केला. "मग मोठ्याने मारायच्या," ती रागाने म्हणाली, आणि रडायला लागली. गेले कित्येक दिवस साठलेलं रडणं होतं ते, तोंड उघडं टाकून, हुंदके देत. सुवार्ताने तिला ओढलं नाही. ती तिच्याजवळ सरकून बसली. थोड्या वेळाने मुलीचं डोकं तिच्या दंडाला टेकलं. अन्वरी बाहेरून आली, दारातूनच पाहिलं, आणि आल्या पावली परत फिरली.

पाचव्या दिवशी शमुवेल लँडरोव्हर घेऊन आला. निघताना अन्वरीने तबिथाच्या वेण्या घातल्या. "ईदला यायचं, काय? माझ्या मुली येतील तेव्हा त्यांच्याशी खेळायचं," ती म्हणाली, मग सुवार्ताकडे वळली. "रात्री पाणी द्यायला विसरू नका."

"नाही विसरणार. आणि त्या दिवशी किनाऱ्यावर मी जे..."

"यल्ला, निघा आता. भरती येईल."

गाडी हलली तशी तबिथाने मोठा गळा काढला. उतरायचंय म्हणून तिने दार वाजवलं, सुवार्ताच्या हातावर चापट्या मारल्या. अजमान गेलं तरी ती रडत होती. शमुवेल पुढच्या सीटवरून सारखा मागे वळून बघत होता. "परत नेऊ या का तिला?" त्याने विचारलं.

"नको," सुवार्ता म्हणाली. "रडू दे."

शारजा आलं तेव्हा मुलीचा आवाज बसला होता. ती अजून चिडलेलीच होती, पण बसली होती सुवार्ताच्या मांडीवर, आणि तिथून उतरायचं तिने नाव काढलं नाही.