कुळंदैअण्णाची खासदारकी

कुळंदैवेलू रबराच्या मळ्यात आमच्याबरोबरच चीक काढायचा. पुढे युनियनचा सेक्रेटरी झाला आणि सगळा मळा त्याला अण्णा म्हणू लागला. रोजंदारीऐवजी महिन्याचा पगार मिळावा म्हणून त्याने आम्हाला संपावर बसवलं, तेव्हा मॅनेजरने नळ तोडले.

"अंजलै, नदी काही त्याच्या बापाची नाही," अण्णा मला म्हणाला, आणि स्वतः घागर घेऊन पुढे निघाला.

महिन्याचा पगार मिळाला नाही, रोजंदारी तेवढी थोडी वाढली. पण अण्णाचं नाव झालं. पक्षाने तिकीट दिलं आणि तो क्वालालंपूरला संसदेत गेला. आमच्या पडक्या घरांबद्दल तो तिथे बोलला. मंत्री म्हणाले, अभ्यास करू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले.

मग मळा एका बिल्डरला विकला गेला. आम्ही लॉरीत बसून अण्णाकडे गेलो.

"संसदेत विचार ना," मी म्हटलं.

"पक्ष म्हणतो गप्प बस. बसलो तर तुम्हाला फ्लॅट देणार."

"आणि तुला ते खरं वाटतं?" माझ्या नवऱ्याने, मुनियांडीने विचारलं.

"नाही वाटत. पण बोललो तर मला काढतील. मग तुमच्यासाठी तिथे कोण उरणार?"

आम्ही पुन्हा लॉरीत चढलो.

संसदेत तो गप्प बसला. फ्लॅट आले नाहीत, बुलडोझर आले. अण्णा धावत आला. पोलीस अधिकाऱ्याने त्याला सलाम ठोकला, कोर्टाचा हुकूम दाखवला आणि काम चालू ठेवलं. मुनियांडीने खुर्ची आणून ठेवली.

"बसा, साहेब."

"साहेब कधीपासून रे?"

मुनियांडी छपराचे पत्रे उतरवायला गेला. अण्णा आमची भांडी लॉरीत चढवू लागला. त्याला कुणी थांबवलं नाही.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याचं तिकीट कापलं. तो युनियनमध्ये परतला, तर मळ्याबरोबर आमची शाखाही मोडली होती.

आता तो गावात भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. परवा बाजारात दिसला.

"पुन्हा उभा राहणार का, अण्णा?" मी विचारलं.

"कुणासाठी, अंजलै?"

मला त्याला घरी जेवायला बोलवायचं होतं. पण मुनियांडी अजून त्याच्याशी बोलत नाही. मी सुकी मासळी घेतली आणि बस पकडली.