क्लाराचा उभ्या पट्ट्यांचा झेंडा

मित्रांनो, मी जुना झालो आहे, पण चिंधी झालेलो नाही. मी आयव्हरी कोस्ट या आफ्रिकेतल्या देशाचा झेंडा आहे. माझा जन्म मात्र वसईच्या वटार गावातला.

मला क्लाराने शिवले. ती चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी मुलींचे पांढरे झगे शिवायची. २००६ साली तिचे पाय सुजले, मशीन चालवता येईना. मला तिने हातानेच शिवले. नारिंगी कापड तिच्या ओढणीचे, पांढरे झग्यांतून उरलेले, हिरवे चर्चच्या सणाच्या पताकांचे.

त्या जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक होता. गावात घरोघरी ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे. "यांना इथं ओळखतं कोण?" क्लाराचा नवरा वॉल्टर मला बघून म्हणाला.

"मी ओळखते." तिने पेपरात वाचले होते. त्या देशात आपसात लढाई चालू होती. विश्वचषकात पहिल्यांदा जागा मिळाली, तेव्हा कप्तान दिदिए द्रोग्बा आणि त्याचे सोबती टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि देशाला म्हणाले, हत्यारे खाली ठेवा. "जिंकल्यावर गुडघ्यावर कोण बसतं रे?" क्लारा म्हणाली. "त्यांचे पहिल्या फेरीचे तिन्ही सामने होईपर्यंत हा झेंडा उतरणार नाही."

वॉल्टरने मला फाटकाजवळच्या बांबूवर चढवले. दोनच दिवसांत गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष बेसिल धावत आला, मागे हवालदार. जवळच्या बोळिंज गावातल्या कुणा गृहस्थाची तक्रार होती, की वटारमध्ये तिरंगा चुकीचा टांगलाय, वर चक्रही नाही.

"मावशी, काढ ना तो! गावाचं नाव खराब होईल."

क्लारा ओट्यावर खुर्चीत बसली होती. तिने वाचनालयातून आणलेला ॲटलस उघडला. "साहेब, आपल्या तिरंग्याचे पट्टे आडवे. याचे उभे. बघा."

हवालदाराने झेंड्यांच्या पानावर बोट फिरवले. "आहे की! पण बाई, लोकांना ॲटलस कुठं दाखवत बसणार? काढून टाका, कटकट नको."

"मी बसलेलीच आहे. पाठवा त्यांना. चहा घेणार?"

हवालदार हसला आणि चहा घेऊन गेला. पुढे खरेच चार-पाच जण तावातावाने आले. तिने प्रत्येकाला तेच पान दाखवले. मी तिथेच राहिलो.

मग माझा संघ अर्जेंटिनाकडून हरला. नेदरलँड्सकडूनही हरला. स्पर्धेतून बाहेर! बेसिल अर्जेंटिनाचा शर्ट घालून फाटकाशी आला. "मावशी, आता लादी पुसायला घे त्याला."

"अजून एक सामना आहे."

"त्याला काय अर्थ?"

"तू नको खेळूस. ते खेळतील."

त्या सामन्यात सुरुवातीलाच दोन गोल बसले. तरी माझा संघ तीन-दोनने जिंकला. सकाळी बातमी कळल्यावर क्लाराने खुर्ची फाटकाशी न्यायला लावली आणि बेसिल येईपर्यंत तिथून हलली नाही. तो आल्यावर तिने फक्त वर बोट दाखवले. मग वॉल्टरला म्हणाली, "आता उतरव." मला धुऊन तिने स्वतः घडी घातली.

ऑगस्टमध्ये क्लारा गेली.

त्यानंतर मी तीन वर्षे पेटीत होतो. वॉल्टरला माझ्याकडे बघवत नव्हते. उंदरांनी माझी हिरवी कड कुरतडली. घर आवरायला आलेल्या नात्यातल्या बाईने मला पुसण्याच्या फडक्यांत टाकले. वॉल्टरने मला ओढून काढले. "हे फडकं नाही," एवढेच तो म्हणाला.

२००९च्या ऑक्टोबरात माझा संघ पुन्हा विश्वचषकासाठी पात्र ठरला. वॉल्टरने जन्मात सुई धरली नव्हती. माझी कड शिवायला त्याला दोन दिवस लागले. टाके वेडेवाकडे, बोटाला रक्त. मग त्याने मला बांबूवर चढवले.

"काका, विश्वचषकाला आठ महिने आहेत," बेसिल म्हणाला. "आणि हे टाके बघ कसले!"

"दोरी धर," वॉल्टर म्हणाला. बेसिलने दोरी धरली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणी केली ते विचारा. ते माणूस आता या जगात नसेल, तर ती वस्तू तुम्ही शिवा, घासा, सांभाळा. ओबडधोबड झाली तरी चालेल. मी उन्हाने फिका पडलोय, हे मलाही दिसते. कुणाला मी खाली यायला हवा असेन, तर वॉल्टर घरीच आहे. त्याला येऊन सांगा.