हरकत असल्यास

सरोजिनीबाईंनी दुधाखालचा गॅस बारीक केला आणि बाथरूमच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत नळ सुटला, गॅसचा गीझर भस्सकन पेटला, आणि वाफेबरोबर श्रीधररावांचा घोगरा आवाज फटीतून बाहेर आला.

पहिला तांब्या बाई, ओतीला डोईवरी
झोप उतरली, पायरी पायरी

ओळ सरली की पाणी, पाणी सरलं की ओळ. चाल त्यांच्या आईची, जात्यावरची. शब्द त्यांचे स्वतःचे.

दुसरा तांब्या बाई, खांद्याच्या पाठीवरी
शिळं दुखणं, सोडलं वाऱ्यावरी

बाईंनी डोळे मिटले. दिवसभरात या घरात नवऱ्याचा आवाज फुटायचा तो एवढाच.

दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. हात-पाय बरेचसे परतले, बोलणं परतलं नाही. चहा हवा असला तर कपाकडे बोट दाखवायचं. मुलाचं नाव, आमोदचं, ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच विरघळायचं. पण हे गाणं शाबूत राहिलं होतं. बोलायला शिकवणारी मुलगी घरी यायची, ती म्हणाली होती, गाण्याचं डोक्यातलं घर वेगळं असतं, ते वाचलंय. म्हणून बाईंनी त्यांना हॉलमध्ये बसवून पाहिलं, देवापुढे बसवून पाहिलं, स्वतः पहिली ओळ म्हणून वाट पाहिली. ते नुसते बघत राहिले, पाहुण्यानं बघावं तसे. मागे आठ दिवस बाणेरला आमोदकडे राहिले, तिथे विजेचा गीझर. आठही दिवस मुक्यानं अंघोळ झाली. घरी परतल्यावर दुसऱ्या सकाळी गीझर भस्सकन पेटला आणि पहिला तांब्या डोईवर आला.

गीझर घेतला तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, खिडकी उघडी ठेवा, कडी लावू नका, आत साठणारा विषारी वायू कळू न देता माणसाला निजवतो. श्रीधररावांनी त्यात आपलं एक कलम घातलं. आत जाणाऱ्यानं गात राहायचं, बाहेरच्यानं ऐकत राहायचं. आवाज थांबला की दार वाजवायचं. आमोद एकोणीसचा पाढा ओरडायचा. बाई मंगळागौरीची गाणी म्हणायच्या. तेव्हा दाराबाहेर खुर्ची टाकून श्रीधरराव वर्तमानपत्र वाचत बसायचे. वर्तमानपत्र सुटलं होतं, पण बाईंच्या अंघोळीला खुर्ची टाकून बसणं अजून चालू होतं.

आणि आता तो गीझर जाणार होता.

सोसायटीची सेक्रेटरी निकिता सरकारी मसुदा घेऊन आली होती. गॅस गीझरच्या सुरक्षेच्या सुधारित मार्गदर्शक सूचना. यापुढे बाथरूमच्या आत गॅसचा गीझर नको, असलेले काढावेत. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना कळवाव्यात, गुरुवारी सुनावणी.

"आपल्या बिल्डिंगमध्ये तुमचाच एक राहिलाय काकू," निकिता म्हणाली. "ॲक्च्युअली मी आमोददादाला फोनपण केला. तो म्हणाला, रविवारी येऊन बदलतो."

"त्याला म्हणावं, नियम अजून व्हायचाय."

"पण काकू, रिस्क आहे ना."

"खिडकी उघडी असते. कडी नसते. मी दाराशी असते. अजून कोणाला बोलवू, तूच सांग."

निकिता हसली, पण जाताना मसुदा टेबलावर ठेवून गेली. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यातलं एकही वाक्य चूक म्हणून दाखवता येत नव्हतं. म्हणूनच त्यांना राग आला. गुरुवारी त्यांनी शेजारच्या हिराबाईंना श्रीधररावांजवळ बसवलं, इरकल नेसल्या आणि रिक्षा केली.

सभागृहाच्या दाराशी एक कारकून टोकन देत होता.

"हरकत की सूचना?"

"हरकत," बाई म्हणाल्या, आणि लाल टोकन घेऊन पंख्याखाली बसल्या.

समोर खात्याच्या अधिकारी होत्या, अस्मिता नावाच्या, आमोदच्याच वयाच्या असाव्यात. पहिल्यांदा उठले ते एक टोपीवाले आजोबा.

"मार्गदर्शक सूचनांवर सूचना मागवल्यात," ते म्हणाले. "म्हणजे आमच्या सूचनांवर तुम्ही पुन्हा सूचना काढणार. त्यावर आम्ही. चालू दे. पण मसुद्यात ‘स्नानगृह’ तीन प्रकारे लिहिलंय. ज्यांना ते लिहिता येत नाही त्यांनी आमच्या स्नानगृहात डोकावावं, याला माझी हरकत आहे."

सभागृहात हशा पिकला. अस्मितांनीही हसून टिपून घेतलं. गीझर बसवणारा एक जण बोलला, एका दुकानदारानं मुदत वाढवून मागितली. बाई आपलं बोलणं मनात घोळवत होत्या. माझे यजमान आजारी आहेत. नाही, तसं नको. अपवाद करावा, असं म्हणावं. वयोवृद्धांसाठी.

मग मागच्या ओळीतून एक उंच गृहस्थ पुढे आले. पांढरा सदरा, हातात हिरवं टोकन. माइक त्यांच्या छातीशी आला, तरी त्यांनी तो वर केला नाही.

"मी रंगराव. मांजरीकडला. माझी सूचना हाय." त्यांनी हिरवं टोकन वर धरून दाखवलं. "भाड्याच्या खोल्यांचं नीट लिवा म्यॅडम. मालक म्हनतो, गीझर भाडेकऱ्याचा. भाडेकरू म्हनतो, मालकाचा. माझी चैताली परीक्षेपुरती मैतरणींसंगं वाघोलीला खोलीवर राह्यली. सकाळी न्हायला गेली."

मुदत मागणाऱ्या दुकानदारानं हातातले कागद मिटले.

"भाईर तिघी व्हत्या. पोरी चांगल्या हायेत, मी त्यांला बोल लावत न्हाई. आतून आवाज येईना, तर त्यांला वाटलं, असंल. न्हाताना कोन बोलतं? आमची पोरगी तशी गपच. गप हाय म्हून कुनी हाक मारली न्हाई." त्यांनी टोकनाची घडी करायला घेतली, ते पुठ्ठ्याचं होतं, मुडपेना. "येवढंच. खोल्यांचं तेवढं लिवा."

"लिहिते," अस्मिता म्हणाल्या.

रंगराव परत जाताना बाईंच्या ओळीशी आले. बाईंनी नकळत पाय आत घेऊन त्यांना वाट दिली.

कारकुनानं नाव पुकारलं. सरोजिनीबाई उठल्या, माइकपर्यंत गेल्या, आणि लाल टोकन मुठीत धरून उभ्या राहिल्या.

"बसून बोलायचंय का काकू?" अस्मितांनी विचारलं.

"नको."

"बरं. तुमची हरकत सांगा."

बाईंनी एकदा मागे पाहिलं. शेवटच्या ओळीत पांढरा सदरा खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या.

कारकून पुढे झाला. "आजी, हरकत नाही तर लाल टोकन कशाला घेतलंत? तुमच्या मागे माणसं आहेत."

"घेतलं तेव्हा होती."

टोपीवाले आजोबा खुदकन हसले आणि इतर कोणी हसत नाही हे पाहून गप्प झाले.

"मग काही सूचना आहे का?" अस्मितांनी हळूच विचारलं.

"आहे. आत गेलेल्या माणसानं गात राहावं. येत नसेल त्यानं पाढे म्हणावेत. आणि बाहेर कोणी तरी ऐकावं."

"पण काकू, गीझरच बाहेर गेल्यावर..."

"गेल्यावरही."

अस्मितांनी पेन उचलला, ठेवला. "हे नियमात कसं लिहू मी?"

"लिहू नका. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं."

रिक्षात बसल्यावर त्यांनीच आमोदला फोन लावला. म्हणाल्या, रविवारपर्यंत कशाला थांबतोस.

शनिवारी माणूस आला. जुना गीझर निघाला, भिंतीवर काजळीची चौकट उरली, तिच्या वरच्या अंगाला विजेचा पांढरा डबा बसला. आमोदनं बटण दाबून दाखवलं. बारीक लाल दिवा लागला. आवाज काहीच झाला नाही.

रविवारी सकाळी श्रीधरराव आत गेले. बाईंनी दूध चढवलंच नाही. दाराशी उभ्या राहिल्या. बादली भरली. तांब्या बुडाला, पाणी पडलं. पुन्हा बुडाला, पुन्हा पडलं. बाईंनी दार वाजवलं. आत पाणी क्षणभर थांबलं आणि परत पडू लागलं. थोड्या वेळानं ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले, केसांतून पाणी ओघळत होतं. बाईंनी ते पुसलं.

"छान झाली ना अंघोळ?"

त्यांनी मान हलवली.

मग बाई स्वतः गेल्या. दार लोटलं. बाहेर खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. सवयीनं त्यांनी मंगळागौरीचं एक गाणं धरलं, दोन ओळी नीट गेल्या, तिसरी अर्ध्यावर राहिली. त्यांनी पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि तसाच धरून पाटावर बसून राहिल्या. इतक्या वर्षांत त्या गाताना मधेच कधी थांबल्या नव्हत्या.

बाहेर खुर्ची करकरली. जड, घासत टाकलेली पावलं दारापाशी आली. दारावर थाप पडली. मग दुसरी, जरा जोरात.

"अ... अगं," बाहेरून आवाज आला. मधे एक लांब श्वास. "अगं, आहेस ना?"

सरोजिनीबाईंनी तांब्या अलगद खाली ठेवला, तो वाजू नये अशा बेतानं. उत्तर ओठांवर होतं. त्यांनी ते जरा वेळ तिथंच राहू दिलं.