ऊन लागू द्या

"हिला जरा ऊन लागू द्या," लोहारा गावचा डॉक्टर म्हणाला आन् माझं टाळकंच सरकलं.

"ऊन लागून मरू द्या व्हय माझ्या सुनंला? कुणी डॉक्टर केलं ओ तुम्हाला?"

त्यो बिचारा हसला. "तसं नाही, आजी. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ अंगावर घ्यायचं. सोनालीताईंच्या रक्तात ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. ते भरून निघालं म्हणून सोरायसिस जाईलच असं नाही. मलम चालूच ठेवायचं. पण या वयात एवढं कमी? घरात कोंडून घेता का, ताई?"

सोनालीनं भाया मनगटापतूर ओढल्या. ती कशाला कोंडून घेती! मीच कोंडत होते. कोपराला, मानंला लाल चट्टे, वर पांढरा कोंडा. लोक काय म्हणतील म्हणून दोन वर्सं लांब भाया, आन् पाव्हणं आलं की आतली खोली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या लेकीला, शिवकन्येला, बघायला पाव्हणं आलं. सोनाली न सांगता आत गेली. कडी म्या लावली.

चहा घेता घेता पोराची आई, श्रीदेवीबाई, म्हणाली, "सूनबाई दिसंनात कुठं?"

"माहेरी गेलीया," म्या म्हणलं. तेवढ्यात आत भांडं पडलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"मांजर आसंल," शिवकन्या पटकन बोलली.

अगं बया! माझीच लेक, आईच्या वरताण खोटं बोलली. आन् उद्या हिच्याच अंगावर चट्टे उठले तर? हीबी कुणाच्या घरात मांजर होऊन बसंल?

मी उठले, कडी काढली. "मांजर न्हाय ओ. ही माझी सून. हिला सोरायसिस हाय. शिवल्यानं कुणाला होत न्हाय."

श्रीदेवीबाईंनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. "कळवतो आमी," म्हणाल्या. कळवतो म्हंजी काय, ते लेकीच्या आईला सांगावं लागत न्हाय. शिवकन्येचं तोंड एवढंसं झालं.

तरीबी सोनालीच्या हाताला धरून तिला अंगणात आणलं, बाजंवर बसवलं, भाया कोपराच्या वर सारल्या. शेजारीण भिंतीवरनं टकामका बघाया लागली. शिवकन्या आली आन् वहिनीला खेटून बसली.

"आत्या, ऊन लागतंय," सोनाली बारीक आवाजात म्हणाली.

"लागू दे," म्या म्हणलं.